डागाकडचं ते उजवं

अलकाताईंना डावं-उजवं कळत नाही, ही गोष्ट साऱ्या बर्मिंगहॅममध्ये कुणालाही ठाऊक नव्हती. नवऱ्याला अर्धीमुर्धी कळली होती. गिरीशरावांनी गाडीत ‘लेफ्ट घे’ म्हटलं की त्या हमखास राइट घ्यायच्या, आणि गिरीशराव ‘आमच्या हिचं हे दुसरं लेफ्ट’ असं म्हणून चारचौघांत हशा मिळवायचे. बायकांना रस्ते कळत नाहीत, एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवून टाकला होता. पुरुषांना असे विषय फार पटकन मिटवता येतात.

खरी गोष्ट निराळी होती आणि ती मिरजेला सुरू झाली होती. अलकाताई जन्मल्या त्या डाव्या हाताच्या. पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात, रिबीन सोडायला डावा हात, प्रसादालाही डावाच पुढे. आईने आधी समजावलं, मग पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबली, आणि एके दिवशी पंगतीत मुलीने पुन्हा डावा हात पुढे केला तेव्हा वरण वाढायचा डाव तिच्या हातावर चापकन मारला. डाव नुकताच उकळत्या वरणातून वर आला होता, हे त्या माउलीच्या रागाच्या भरात ध्यानात आलं नसावं. अंगठ्याच्या मुळाशी चवलीएवढा डाग पडला तो कायमचा. आई नंतर त्यावर तूप चोळत रडली, पण ‘मुलीच्या जातीला वळण लागायला हवं’ हे वाक्य काही तिने मागे घेतलं नाही.

वळण लागलं. अलकाताई उजव्या हाताने असं सुरेख लिहायला लागल्या की शाळेत त्यांची वही नमुना म्हणून फिरायची. फक्त डोक्याच्या आत कुठेतरी डाव्या-उजव्याचा असा काही गुंता झाला की तो पुढे सुटलाच नाही. बाकीच्या माणसांना हे अंगातून कळतं म्हणे. अलकाताईंना हातावरचा डाग बघून कळायचं. डाग तो डावा.

आणि या बाईने नोकरी कसली धरावी? दातांच्या दवाखान्यात, डेंटल नर्सची. डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा घालून ‘वरचा उजवा सहावा, किडलेला’ असं भराभर सांगणार आणि नर्स ते दातांच्या नकाशावर नोंदवणार. तो नकाशा पेशंट समोर बसल्यासारखा काढलेला असतो, म्हणजे पेशंटचं उजवं ते कागदाच्या डाव्या बाजूला. शिकाऊ मुलींच्या नाकी नऊ यायचे. अलकाताईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात स्वतःपुरता एक मंत्र तयार केला: डागाकडचं ते उजवं. डॉक्टर ‘राइट’ म्हणाले की पेन डागाच्या बाजूला. बस. तीस वर्षांत एकाही माणसाचा भलता दात निघाला नाही. निरोपाच्या केकवर मालकिणीने ‘कधीही न चुकणाऱ्या अलकाला’ असं लिहून घेतलं होतं, आणि ते वाचताना अलकाताईंनी हातावरचा डाग दुसऱ्या हाताने झाकला होता.

आता त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या वयात त्यांची गाठ घोड्याशी पडली.

मुलगी देविका, वय एकतीस, कौन्सिलमध्ये नोकरीला. अकराव्या वर्षी शाळेच्या सहलीत ती एका तट्टावर बसली आणि तिथेच बिघडली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसून झाली. आता पहिल्यांदा स्वतःचा घोडा घ्यायचं तिने ठरवलं होतं. घोडा म्हणजे घोडी, नाव मेबल, बदामी रंगाची, बसकी, भरल्या पुठ्ठ्याची. पुढचा एक पाय गुडघ्याखाली पांढरा, मोजा चढवल्यासारखा. वेल्समधल्या एका बाईंनी ती महिनाभर ट्रायलवर दिली होती. जमलं तर ठेवा, नाही तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता ट्रेलर घेऊन येते, असा सरळ करार. आणि देविकाने घरात सांगून टाकलं होतं की मेबल परत गेली तर ती दुसरा घोडा बघणार नाही. ही मुलगी बोलते कमी आणि बोलली की तसंच करते. त्यामुळे अलकाताईंचा जीव टांगणीला लागला होता.

खेळ कसला, तर बॅरल रेसिंग. अमेरिकेतल्या गुराख्यांचा खेळ, आणि ही मंडळी तो ब्रॉम्सग्रोव्हच्या पुढे वूस्टरशरच्या चिखलात खेळत होती. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात उभी करायची. घोडा सुसाट सोडायचा, तिन्ही पिंपांना एकेक वळसा घालून परत यायचं. पिंप पडलं तर पाच सेकंदांचा दंड. पहिलं पिंप उजवीकडचं घेतलं तर एक वळसा उजवा आणि पुढचे दोन डावे. डावीकडचं घेतलं तर एक डावा आणि दोन उजवे. ज्याला जे वळण सोपं, ते दोनदा यावं अशी सुरुवात निवडायची. एवढं समजायला अलकाताईंना तीन चहा लागले, आणि समजल्यावर त्या मनात म्हणाल्या, देवा, इथेही तेच?

मेबलचं सोपं वळण कोणतं, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. यार्डची, म्हणजे तबेल्याची, मालकीण ग्लेनिस, सत्तरीची, पायात गमबूट आणि तोंडात कायम पेपरमिंट. ती म्हणाली की पाठीवर स्वार बसला की घोडी स्वाराचं ऐकते, स्वतःचं सांगत नाही. नाल ठोकणारा म्हणाला, सगळं खुरांवर असतं, एक खूर किंचित उभा आहे बघा. वेल्सच्या बाईंनी फोनवर सांगितलं की हिची आई अशीच पळायची, रक्तातच आहे. म्हणजे आईच्या वळणावर गेली, असं अलकाताईंनी मनातल्या मनात मराठीत करून घेतलं. पण कोणत्या बाजूला, हे त्या बाईंनाही आठवेना. आणि देविका म्हणत होती, “मम्मी, माझा प्रॉब्लेम आहे. मी लेफ्टी आहे ना, माझा डावा हात जास्त ओढतो. मेबल कन्फ्यूज होतो.”

“होते,” अलकाताई म्हणाल्या. “मेबल कन्फ्यूज होते.”

“तेच. होते.”

देविकाही डाव्या हाताची. तिला अलकाताईंनी कधी अडवलं नाही. प्रसादापुरतं ‘तो हात नको गं’ एवढं तोंडातून निघायचं, आणि निघालं की दिवसभर जीभ कडू व्हायची. रविवारच्या मराठी शाळेच्या वहीत मात्र देविकाची अक्षरं मागे रेललेली आणि एकमेकांच्या अंगावर पडलेली असत, आणि अलकाताईंना राहवत नसे. “अक्षराला काही वळण आहे का?” असं त्या म्हणायच्या. आपणही डाव्या हाताच्या होतो हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. आधी आईची लाज म्हणून, नंतर नोकरीची भीती म्हणून. डावं-उजवं न कळणारी डेंटल नर्स! लोकांनी आपापले जबडे धरून दवाखाना रिकामा केला असता.

शेवटी ग्लेनिसने तोडगा काढला. घोडी कुरणात मोकळी असताना बघा, म्हणाली. अंगावर ना खोगीर ना माणूस. ती आपल्या मनाने दौड सुरू करते तेव्हा पुढच्या दोन पायांतला कोणता जास्त पुढे फेकते? जो पाय पुढे, त्या बाजूचं वळण तिला सोपं. पुन्हा पुन्हा बघा आणि लिहून ठेवा.

हे काम आपोआप निवृत्त माणसाकडे आलं. दोन आठवडे अलकाताई रोज सकाळी थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन कुरणाच्या कुंपणाबाहेर बसल्या. आत जायची हिंमत नव्हती; एवढं मोठं धूड, त्यात दात केवढाले. मेबल कुंपणाशी यायची, गाजर खायची आणि गर्रकन वळून पाठमोरी दौडत पलीकडच्या करड्या तट्टाकडे निघून जायची. वहीच्या पानाच्या मधोमध अलकाताईंनी उभी रेघ मारली होती. पांढरा पाय पुढे पडला की तो ज्या बाजूला दिसे त्या बाजूला एक खूण, दुसरा पडला की दुसऱ्या बाजूला.

बघता बघता त्यांना त्या घोडीचा लळा लागला. दौडण्यापूर्वी ती क्षणभर थबकायची, कान मागेपुढे करायची, नक्की कसं जावं हे तिलाही ठाऊक नसल्यासारखी. आणि कुंपण जवळ आलं की कुणी न सांगता आपणच वेग आवरायची. ‘छान रेट करते,’ असं ग्लेनिस म्हणाली तेव्हा हिच्या हृदयाचे ठोके कुणी मोजले, हे अलकाताईंना कळेना. आपणच वेग आवरणं म्हणजे रेट, असं मागून समजलं. अलकाताईंना वाटायचं, हिचं हे जन्माचं, की कुणीतरी डाव मारून लावलेलं? आणि माझं? हे माझं सुरेख अक्षर माझं आहे की आईचं? विचार करकरून डोक्याचा भुगा व्हायचा आणि चहा गार.

दोन आठवड्यांनी बेरीज झाली. पानाच्या एका बाजूला त्रेचाळीस खुणा, दुसऱ्या बाजूला आठ. त्रेचाळीस खुणा डागाच्या बाजूला होत्या. अलकाताईंनी त्यावर आपल्या नमुनेदार अक्षरात लिहिलं: उजवा.

“त्रेचाळीस राइट!” देविका म्हणाली. “मग आपण डावा पिंप फर्स्ट घेऊ. दोन राइट टर्न मिळतात.”

ग्लेनिसने पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. “मला वाटलं होतं उलट असेल,” ती म्हणाली. “पण तुझ्या आईने मोजलंय.”

“मम्मी मिस्टेक करतच नाही. थर्टी इयर्स दातांचं केलंय तिनं.”

पुढचे दोन आठवडे बघवत नव्हते. डावीकडचं पिंप आधी, मग दोन उजवे वळसे. मेबल पहिल्या पिंपाशी बरी असायची आणि पुढच्या दोन्हींना फराटा काढून लांबून जायची, नाही तर पिंपच आडवं करायची. देविकाने लगाम बदलला, खोगीर बदललं, स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्या पिंपाशी घोडी एकदा चक्क उभीच राहिली आणि थरथरायला लागली. त्या दिवशी परतताना गाडी देविकाच चालवत होती. सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाली, “मी तिला खराब करते आहे, मम्मी. नेचरली ती चांगली आहे. माझा हात वाईट आहे.”

माझा हात वाईट आहे. हे वाक्य अलकाताईंनी मिरजेला ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडून, सहाव्या वर्षी. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटच्या शनिवारी दुपारी देविका मेबलला आवरत होती. उद्या अकराला ट्रेलर येणार आणि मेबल जाणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. जाता जाता हात फिरवावा म्हणून अलकाताई पहिल्यांदाच तबेल्यात आत गेल्या. घोडी दाराकडे पाठ करून बांधलेली होती. आता कुठल्या अंगाने जवळ जावं, या विचारात त्या घुटमळल्या.

“डावीकडून जा हं,” ग्लेनिस बादली घेऊन जाता जाता म्हणाली. “देविका उभी आहे ना, ती बाजू. घोड्याला हात लावायचा, खोगीर घालायचं, वर चढायचं, सगळं नेहमी त्याच्या डावीकडून. मागून नको, लाथ खाशील.”

अलकाताईंनी बघितलं. देविका घोडीच्या डाव्या बाजूला उभी होती. आणि तिच्या गुडघ्याशी, अगदी जवळ, पांढरा मोजा होता.

त्या जागच्या जागी थिजल्या. त्यांनी हातमोजा काढला. डाग बघितला. पांढरा पाय बघितला. घोडी पाठमोरी आहे. पाठमोरी म्हणजे तिचं तोंड जिकडे, तिकडेच माझं. मग डागाच्या बाजूला ते डावं. उजवं नव्हे, डावं. उजवं होतं ते तोंड उघडून समोर बसलेल्या पेशंटचं, कागदावरचं. आणि कुरणात ही बया रोज पाठ फिरवून पळत होती! त्रेचाळीस वेळा. अलकाताईंनी तिथल्या गवताच्या गासडीवर बसकण मारली.

तासभर त्या तशाच बसल्या. ग्लेनिसने चहा आणून दिला, तो हातातच राहिला. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. घोडी जाईल, चार दिवस वाईट वाटेल, ‘कधीही न चुकणारी अलका’ शाबूत राहील. सांगितलं तर मुलगी विचारणार, हे असं कसं झालं. मग मिरज, डाव, डाग, दवाखाना, सगळंच उकलावं लागणार. साठी ओलांडल्यावर माणसाने लेकीसमोर काय काय म्हणून उघडं करावं? त्यांना आईचा राग आला. मग स्वतःचा आला. मग समोर देविका मेबलच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिलेली दिसली, आणि त्या उठल्या.

“देविका, वही चुकली आहे.”

“काय?”

“मी उलटं लिहिलं. त्रेचाळीस डावे आहेत. पांढरा पाय डावा आहे ना? तोच पुढे पडायचा. मी त्याला उजवा म्हटलं.”

देविका बघतच राहिली. “पण मम्मी, हाऊ? पाय डावा आहे, एवढा तर दिसतो.”

“तुला दिसतो. मला दिसत नाही.” अलकाताईंनी हात पुढे केला. “मला हा डाग बघावा लागतो. लहानपणापासून. मला डावं-उजवं कळत नाही, देविका. मी डावखुरी होते. आजीने हात बदलला माझा.”

मग सगळंच बाहेर पडलं, पंगतीपासून केकपर्यंत, मागचं पुढे नि पुढचं मागे. मेबल शांतपणे गवत चघळत होती. देविकाच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. अलकाताईंना वाटलं, आता ही चिडणार. चिडलीच. “टू वीक्स, मम्मी! दोन वीक मी त्याला मारूनमुटकून राइटला वळवलं! तो थरथरत होता!” आणि मग एकदम थांबली.

“आजीने तुला हॉट स्पूनने मारलं?”

“डावाने. वरणाच्या.”

“आणि तू मला कधीच नाही सांगितला.” तिने आईचा हात धरून डागावर अंगठा फिरवला. मग ती म्हणाली, “काय वर्ड म्हणालीस तू? डाव-खुरी? खूर म्हणजे हूफ ना?”

अलकाताईंनी हा शब्द जन्मभर ऐकला होता, पण त्यात खूर आहे हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. “हो गं,” त्या म्हणाल्या. “खूरच.”

“म्हणजे मेबलपण डावखुरी.” आणि देविका रडता रडता हसायला लागली.

रविवारी सकाळी नऊला दोघी मैदानावर हजर. गिरीशराव ‘आता कशाला?’ म्हणत मागोमाग आले. वेल्सच्या बाई साडेदहालाच पोचल्या आणि ट्रेलरला टेकून बघत उभ्या राहिल्या. उजवं पिंप आधी. मेबल निघाली, उजव्या वळशाला जरा अडखळली, लांबून गेली. अलकाताईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा घोडी दुसऱ्या पिंपाशी होती. आपणच वेग आवरून, मागच्या पायांवर बसून ती डावीकडे अशी वळली की पिंपाला वारासुद्धा लागला नसेल. तिसऱ्यालाही तसंच. परत येताना देविकाने लगाम जवळजवळ सोडूनच दिला होता.

वेळ काही फार भारी आली नाही. ग्लेनिसने घड्याळ बघून खांदे उडवले. “दोन आठवड्यांचं उलटं शिकणं निघायला दोन महिने लागतील,” ती म्हणाली.

“पण ही जन्मतःच डावी आहे ना?” अलकाताईंनी विचारलं. त्यांना हे उत्तर हवंच होतं.

“असेल. किंवा आधीच्या कुणी स्वाराने केली असेल. खूर असतील, आई असेल.” ग्लेनिसने नवं पेपरमिंट सोललं. “चार वर्षांची झाल्यावर घोडी कुणाकुणाची किती, हे कोण वेगळं काढणार? जशी आहे तशी पळू द्यायची.”

म्हणजे गुंता होता तिथेच राहिला. वेल्सच्या बाई मात्र रिकामा ट्रेलर घेऊन परत गेल्या.

दुपारी कुंपणाशी घडीच्या खुर्चीत बसून देविकाने ती वही उघडली. जुन्या पानावर काट मारली, नवीन पानावर मधोमध उभी रेघ ओढली आणि पेन आईपुढे धरलं. “परत सुरू. हेडिंग तू लिही.” अलकाताईंनी उजवा हात पुढे केला तेव्हा तिने पेन मागे घेतलं. “नाही. डागवाला हात.”

“वेडी आहेस का? छप्पन वर्षं झाली.”

“लिही ना.”

अलकाताईंनी डाव्या हातात पेन धरलं. ते कुठे धरतात हेच बोटांना आठवेना. काना वाकडा गेला, व पोटातून फुटला, दोन अक्षरं लिहायला एक मिनिट लागलं. अक्षरं मागे रेलली होती आणि एकमेकांच्या अंगावर पडली होती. वळण म्हणून नव्हतं. डागाच्या बाजूला, रेघेच्या अलीकडे, त्यांनी लिहिलं होतं: डावा.

देविकाने वही जवळ घेऊन बघितली, बोट फिरवून बघितली.

“मम्मी,” ती म्हणाली, “हा तर माझा अक्षर आहे.”

या खेपेला अलकाताईंनी तिचं व्याकरण सुधारलं नाही.